गेज सिद्धांत : वहीतले किती, पोत्यातले किती?

मूलकण भौतिकीतील गेज सिद्धांतांच्या, म्हणजे कणांमधील बले समजावणाऱ्या सिद्धांतांच्या, पदव्युत्तर अभ्यासक्रमाविषयी या सदरात मागे चार ओळी आल्या होत्या. त्या वाचून यवतमाळपासून गडचिरोलीपर्यंतच्या वाचकांची पत्रे आली. त्यांतील सहा पत्रांना येथे उत्तरे देत आहे. उत्तरांची लांबी प्रश्नाप्रमाणे कमीजास्त झाली आहे, ती तशीच ठेवली आहे.

प्रश्न : मी एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असून एका परदेशी विद्यापीठातील या विषयाची व्याख्याने मोबाईलवर पाहतो. दुसऱ्याच व्याख्यानात प्राध्यापक म्हणतात, की इलेक्ट्रॉनच्या तरंगफलाची (त्याचे तरंगरूप सांगणाऱ्या गणिती फलाची) कला, म्हणजे फेज, प्रत्येक बिंदूवर वेगवेगळी बदलण्याची मुभा आपण मागू या. ती मागितली की विद्युतचुंबकीय क्षेत्र आपोआप येते. अशी मुभा मागायचीच का, हे ते सांगत नाहीत. शिवाय माझ्या आजोबांनी विचारले आहे, की हे गेज म्हणजे आपल्या शकुंतलेचे नॅरोगेज तेच का? — एक विद्यार्थी, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : आजोबांचा प्रश्न आधी घेतो, कारण तो अधिक मुळाशी जातो. शब्द तोच आहे. यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर मार्गावर धावणाऱ्या आणि गेली काही वर्षे बंद पडलेल्या शकुंतलेच्या दोन रुळांमधले अंतर ७६२ मिलिमीटर, ब्रॉडगेजचे १,६७६ मिलिमीटर. दोन्हीकडे गेज म्हणजे ठरवून घेतलेले माप. भौतिकीत हा शब्द हेर्मान वाइल या जर्मन गणितज्ञांनी १९१८ मध्ये मांडलेल्या एका कल्पनेतून आला. त्यांनी तिला दिलेला जर्मन शब्द मापांच्या प्रमाणनिश्चितीचा आहे; जर्मनीत तराजू आणि मापे तपासणाऱ्या सरकारी कार्यालयाच्या नावातही तोच शब्द असतो. आपल्याकडे वैधमापन खात्याचा निरीक्षक आठवडी बाजारात येऊन दुकानदाराच्या किलोवर शिक्का आहे की नाही हे पाहतो, त्याच कुळातला हा शब्द आहे.

वाइल यांची कल्पना पायलीच्या हिशेबात चांगली उतरते. क, ख आणि ग अशी तीन गावे धरा आणि प्रत्येक गावाची पायली आपापली आहे असे समजा. एक व्यापारी क गावाहून १ पायली ज्वारी घेऊन निघतो, प्रत्येक गावी आधीच्या मापाचे धान्य देऊन त्या गावच्या मापाने उचलतो, आणि शेवटी पुन्हा क गावी येतो. त्याच्या वहीत तीन नोंदी आहेत : क ते ख १.२५, ख ते ग ०.८, ग ते क १.०५. तिन्हींचा गुणाकार केला तर १.०५ येतो, म्हणजे फेरी पुरी झाल्यावर त्याच्याकडे निघताना होती त्यापेक्षा पाच टक्के ज्वारी जास्त आहे. आता ख गावच्या पंचांनी उद्यापासून आपली पायली दुप्पट मोठी करायचे ठरवले. वहीतील पहिली नोंद ०.६२५ होईल आणि दुसरी १.६. दोन्ही नोंदी बदलल्या; पण ०.६२५, १.६ आणि १.०५ यांचा गुणाकार करून पाहा, तो पुन्हा १.०५ च येतो. गावागावाने आपले माप हवे तसे बदलण्याची ही मुभा म्हणजे गेज सममिती. वहीतील नोंदी म्हणजे गेज क्षेत्र, ज्याला तुम्ही विद्युतचुंबकत्वात पोटेन्शियल म्हणून शिकलात. फेरीअंती उरणारा गुणाकार मात्र कोणाच्याही मापावर अवलंबून नाही. तोच मोजता येतो, आणि कोणी काटा मारला असेल तर तो तेथेच उघडकीस येतो.

वाइल यांनी १९१८ मध्ये खरोखरच लांबी आणि काळ यांची मापे अशी जागोजागी बदलू दिली होती. आइन्स्टाइन यांनी लगेच हरकत घेतली, की तसे असते तर वेगवेगळ्या वाटांनी आलेल्या दोन अणूंचे प्रकाशपटही वेगवेगळे दिसले असते. प्रत्यक्षात हायड्रोजन कोठूनही आला तरी त्याच्या रेषा त्याच जागी असतात. हरकत बिनतोड होती. परंतु पुंजयामिकी (क्वांटम मेकॅनिक्स) आल्यावर १९२७ मध्ये फ्रिट्स लंडन यांच्या आणि १९२९ मध्ये स्वतः वाइल यांच्या ध्यानात आले, की कल्पना चुकीची नसून तिची जागा चुकली होती. गावोगावी बदलते ती मापाची लांबी नव्हे, तर तरंगफलाची कला. ती घड्याळाच्या काट्यासारखी फिरते, लहानमोठी होत नाही.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. अशी मुभा निसर्गाने मागितली आहे, असे जे व्याख्यानातून सूचित होते, ते मला पटत नाही. फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा कण, वस्तुमानरहित आहे आणि त्याच्या ध्रुवीकरणाच्या दिशा दोनच आहेत; सापेक्षतेला न दुखावता त्याचे वर्णन करायचे तर आपल्याला चार घटकांचे क्षेत्र लिहावे लागते. चार घटक लिहिले, खरे दोनच. उरलेले दोन आपल्या लिहिण्याच्या सोयीचे आहेत आणि ते निरुपद्रवी राहावेत म्हणून गेज सममिती पाळावी लागते. म्हणजे ही मुभा वहीची आहे, पोत्यातल्या धान्याची नाही. व्याख्यानातली मांडणी शिकवायला सोपी आहे, म्हणून ती रूढ झाली.

वहीला काहीच अर्थ नाही असा निष्कर्ष मात्र काढू नका. गावे एखाद्या मोठ्या तळ्याभोवती वसली आहेत असे धरा. शेजारशेजारच्या कोणत्याही तीन गावांची फेरी केली तर गुणाकार बरोबर १ येतो, पण संपूर्ण तळ्याला वळसा घातला तर येत नाही, असे होऊ शकते. अहारोनोव्ह आणि बोम यांनी १९५९ मध्ये हेच इलेक्ट्रॉनबाबत सांगितले : चुंबकीय क्षेत्र एका बंदिस्त भागात कोंडून ठेवले आणि इलेक्ट्रॉन केवळ बाहेरून, क्षेत्र शून्य असलेल्या वाटेने गेले, तरी दोन बाजूंनी येणाऱ्या लहरींच्या कलेत फरक पडतो. जपानमध्ये तोनोमुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये कड्याच्या आकाराचा सूक्ष्म चुंबक वापरून तो फरक निर्विवादपणे दाखवला. आजोबांना सांगा, की एकेक नोंद खरी नाही, फेरी खरी आहे.

प्रश्न : माझी मुलगी बी.एस्सी. झाली आहे, म्हणजे ग्रॅज्युएट आहे. तिला इंटरनेटवर या विषयाचा ‘ग्रॅज्युएट कोर्स’ सापडला. तो करण्यास ती पात्र आहे का, त्यासाठी फी किती पडेल आणि पुढे नोकरी लागेल का? आमच्याकडे पाच एकर कोरडवाहू आहे. — एक शेतकरी, ता. मंगरूळपीर, जि. वाशीम

उत्तर : येथे एका शब्दाने घोटाळा केला आहे. आपल्याकडे पदवी मिळालेल्यास ग्रॅज्युएट म्हणतात. अमेरिकेत पदवीनंतरच्या, म्हणजे आपल्या एम.एस्सी. आणि पीएच.डी.च्या शिक्षणास ते विशेषण लावतात. तेव्हा हा अभ्यासक्रम एम.एस्सी.च्या शेवटच्या सत्रात किंवा पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी घेण्याचा आहे. मुलीने आधी भौतिकीत एम.एस्सी. करावे. व्याख्याने पाहण्यास पात्रता लागत नाही आणि फीही लागत नाही. यासाठी कोणी हजारो रुपये मागत असेल तर देऊ नका.

नोकरीबाबत मी आपल्याला गोड बोलून फसवणार नाही. नेट-जेआरएफ परीक्षा उत्तीर्ण होऊन संशोधनास प्रवेश मिळाल्यास पहिली दोन वर्षे महिना ३७,००० रुपये अधिछात्रवृत्ती मिळते. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था, चेन्नईची गणितीय विज्ञान संस्था, प्रयागराजची हरीश-चंद्र संशोधन संस्था येथे या विषयावर दर्जेदार काम होते आणि पीएच.डी.साठी घरून पैसे पाठवावे लागत नाहीत. पण पीएच.डी.ला पाच-सहा वर्षे, त्यानंतर देशात वा परदेशात तात्पुरत्या नेमणुकांवर आणखी काही वर्षे, आणि एवढे करूनही कायम जागा थोड्याच. अनेक हुशार मुले शेवटी संगणक क्षेत्रात जातात किंवा महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवतात. मुलीला हे सर्व सांगून मग तिला ठरवू द्यावे, आणि तिने ठरवले तर शेत विकण्याची वेळ या शिक्षणाने येणार नाही, एवढी खात्री बाळगावी.

प्रश्न : ग्लुऑन आठ असतात आणि क्वार्क कधीच सुटा सापडत नाही, असे वाचले. आठच का, आणि सुटा का नाही? या गोष्टींचा आमच्या कामाशी काडीचाही संबंध आहे का? — जिनिंगमधील एक कर्मचारी, हिंगणघाट, जि. वर्धा

उत्तर : संबंध आहे आणि तो थेट तुमच्या गाठीच्या वजनाशी आहे, तेथे शेवटी येतो. क्वार्क हे प्रोटॉन-न्यूट्रॉनांचे घटक आणि ग्लुऑन हे क्वार्कांना बांधून ठेवणारे कण, एवढे आधी ध्यानात घ्या.

टेबलावर एक वही ठेवा. आधी ती टेबलावरच उजवीकडे पाव फेरा फिरवा, मग आपल्यापासून दूर पाव फेरा उलटवा. आता पुन्हा पहिल्या स्थितीपासून हेच उलट क्रमाने करा. वही दोन वेळा निरनिराळ्या स्थितीत येते. इलेक्ट्रॉनची कला घड्याळाच्या काट्यासारखी एकाच अक्षाभोवती फिरते, त्यामुळे तेथे क्रमाने फरक पडत नाही. क्वार्कला मात्र तीन ‘रंग’ आहेत (हे डोळ्यांना दिसणारे रंग नव्हेत, विद्युतप्रभारासारखाच पण तीन प्रकारचा गुणधर्म आहे), आणि रंगांची आपापसांत होणारी फिरवाफिरव वहीच्या फिरवण्यासारखी क्रमावर अवलंबून असते. अशा फिरवण्यांवर गेज सिद्धांत उभा करण्याचे काम चेन निंग यांग आणि रॉबर्ट मिल्स यांनी १९५४ मध्ये केले. त्यांच्यापुढे तेव्हा क्वार्क नव्हते, प्रोटॉन आणि न्यूट्रॉन होते. गणित मात्र तेच पुढे उपयोगी पडले. तीन रंगांच्या तीन गुणिले तीन अशा नऊ जोड्या होतात. त्यांतील सर्व रंगांना समान वागवणारे एक मिश्रण वगळावे लागते, म्हणून नोंदी आठ आणि ग्लुऑन आठ.

क्रमाने फरक पडतो याचा परिणाम दूरगामी आहे. फोटॉनला स्वतःचा विद्युतप्रभार नसतो, पण ग्लुऑनच्या अंगी रंग असतो, त्यामुळे ग्लुऑन ग्लुऑनला ओढतो. डेव्हिड ग्रॉस, फ्रँक विल्चेक आणि डेव्हिड पोलिट्झर यांनी १९७३ मध्ये हिशेब केला, की अंतर कमी केले तर हे बल वाढते की घटते. उत्तर एका साध्या वजाबाकीत मावते : ग्लुऑनांचे ११, त्यातून क्वार्कांच्या प्रकारांच्या संख्येचे दोन-तृतीयांश वजा. प्रकार सहा, म्हणून ११ वजा ४, उरले ७. बाकी धन असल्याने जवळ जाल तसे बल क्षीण होते आणि दूर जाल तसे वाढते. क्वार्कांचे प्रकार १६ पर्यंत असते तरी बाकी धनच राहिली असती. सतरावा आला की चिन्ह उलटते. विद्युतबलाचे याच्या अगदी विरुद्ध आहे; त्याची तीव्रता दर्शवणारा १/१३७ हा आकडा दुर्बल बल (काही किरणोत्सर्गी ऱ्हासांमागचे बल) वाहणाऱ्या झेड कणाच्या वस्तुमानाइतक्या ऊर्जेला सुमारे १/१२८ होतो, म्हणजे जवळ गेल्यावर वाढतो. या तिघांना २००४ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. ग्लुऑनचे प्रत्यक्ष चिन्ह त्याआधीच, १९७९ मध्ये, जर्मनीत हांबुर्ग येथील प्रयोगांत कणांच्या तीन फवाऱ्यांच्या रूपाने दिसले होते.

दूर नेल्यावर बल वाढते म्हणून क्वार्क सुटत नाही, असे आपण म्हणतो. संगणकावर जाळीदार अवकाश मांडून केलेले हिशेबही तेच सांगतात. परंतु कागदावरची निखळ गणिती सिद्धता आजही कोणाकडे नाही. क्ले गणित संस्थेने २००० मध्ये याच्याशी निगडित प्रश्नावर दहा लाख डॉलरचे बक्षीस लावले आहे आणि ते अद्याप कोणी नेलेले नाही.

आता तुमची गाठ. १७० किलोच्या रुईच्या गाठीचे जवळजवळ सर्व वजन तिच्या अणूंमधील प्रोटॉन-न्यूट्रॉनांचे आहे. प्रोटॉनचे वस्तुमान ९३८ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट (कणांचे वस्तुमान ऊर्जेच्या या एककात सांगतात). त्यातील तीन क्वार्कांच्या स्वतःच्या वस्तुमानांची बेरीज मात्र जेमतेम ९. या प्रमाणाने क्वार्कांच्या वस्तुमानांची बेरीज तुमच्या गाठीत दोन किलोच्याही आतच भरते. बाकीचे सारे वजन म्हणजे कोंडलेल्या क्वार्क-ग्लुऑनांची ऊर्जा आहे. काट्यावर गाठ चढते तेव्हा तुम्ही बहुतांशी यांग आणि मिल्स यांचे क्षेत्रच तोलता.

प्रश्न : गेज सममिती असेल तर गेज कणाला, म्हणजे बल वाहणाऱ्या कणाला, वस्तुमान असूच शकत नाही, असे एका प्रकरणात सिद्ध करतात, आणि पुढच्याच प्रकरणात डब्ल्यू आणि झेड कण प्रोटॉनच्या सुमारे ८६ आणि ९७ पट जड असल्याचे सांगतात. विद्यार्थ्यांना हे कसे समजावावे? हिग्ज कणासाठी ‘देवकण’ हा शब्द वापरावा का? — कनिष्ठ महाविद्यालयातील एक शिक्षक, ता. आरमोरी, जि. गडचिरोली

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात : नको. त्या नावाने वर्गात नसते प्रश्न येतात आणि असते राहून जातात.

पहिला प्रश्न १९५४ पासूनचा आहे. यांग प्रिन्स्टन येथे आपले काम मांडत असताना वोल्फगांग पाउली यांनी ‘या क्षेत्राचे वस्तुमान किती?’ हे इतके लावून धरले, की यांग बोलणे थांबवून खाली बसले, आणि ओपनहायमर यांनी सांगितल्यावर पुन्हा उभे राहिले. अडचण वरच्याच वहीतून दिसते. वस्तुमानाचे पद लिहायचे म्हणजे वहीतील नोंदीच्या आकड्यालाच किंमत द्यायची. पण तो आकडा तर ख गावच्या पंचांनी पायली बदलली की बदलतो. ज्याला स्वतःचे स्थिर मूल्य नाही त्याच्यावर वजन कसे लादणार?

वाट १९६४ मध्ये सापडली. ब्राउट आणि एंगलर्ट, पीटर हिग्ज, आणि गुरालनिक, हेगन व किबल अशा तीन गटांनी ती स्वतंत्रपणे दाखवली. (यांपैकी टॉम किबल यांचा जन्म मद्रासचा.) प्रत्येक गावच्या चावडीपुढे जमिनीत एक दगडी माप पुरलेले आहे असे समजा. गाव आपली पायली हवी तशी बदलू शकते, परंतु आता प्रत्येक पायलीची तुलना त्या दगडाशी करता येते, आणि एका गावच्या दगडापासून शेजारच्या दगडापर्यंत नोंद किती हलली हे मापांवर अवलंबून राहत नाही. नोंदीला प्रथमच किंमत आली. असे दगड म्हणजे रिकाम्या अवकाशातही शून्य नसणारे हिग्ज क्षेत्र. त्याचे मूल्य २४६ अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्ट आहे, आणि ते म्युऑनच्या (इलेक्ट्रॉनच्या जड भावंडाच्या) सुमारे २.२ मायक्रोसेकंद आयुष्यावरून हिग्ज कण सापडण्यापूर्वीच काढता आले होते. डब्ल्यू कणाचे वस्तुमान म्हणजे या २४६ चा निम्मा, गुणिले दुर्बल बलाचा स्थिरांक, जो ०.६५ च्या आसपास आहे. गुणाकार फळ्यावर करून दाखवा : १२३ गुणिले ०.६५ म्हणजे ८० ला लागतो. प्रयोगात ८०.४ मिळतो. विद्यार्थ्यांना यापेक्षा अधिक समजावण्याची गरज पडणार नाही.

मोजणीही दाखवावी. हिग्ज क्षेत्राचे घटक चार. त्यांतील तीन अधिक प्रभाराचा डब्ल्यू, उणे प्रभाराचा डब्ल्यू आणि झेड यांच्यात मुरले, आणि उरलेला एक म्हणजे २०१२ च्या ४ जुलैला जिनिव्हाजवळील सर्न या संशोधन केंद्रात जाहीर झालेला सुमारे १२५ अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्टचा कण. दगडांनी फोटॉनची नोंद तेवढी मोकळी सोडली, म्हणून तो वस्तुमानरहित राहिला.

मधला इतिहास धावता पुरे : विद्युतचुंबकीय आणि दुर्बल बले एकत्र आणणारी रचना ग्लाशो यांची १९६१ ची, तिच्यात हिग्जची युक्ती वाइनबर्ग यांनी १९६७ मध्ये आणि सलाम यांनी १९६८ मध्ये बसवली, हिशेब अनंतात जात नाही हे १९७१ मध्ये टहूफ्ट यांनी दाखवले, आणि डब्ल्यू व झेड १९८३ मध्ये सर्न येथे सापडले. त्याच सर्नमधील पुढच्या यंत्रात झेड कणांची अचूक मोजणी झाली तेव्हा धडका किती होतात हे ठरवण्यासाठी जी प्रमाण प्रक्रिया वापरली ती इलेक्ट्रॉन–पॉझिट्रॉन यांचे विकिरण (एकमेकांवर आदळून विखुरणे) होते, आणि तिला जगभर भाभा विकिरण म्हणतात, कारण तिचा हिशेब होमी भाभा यांनी १९३० च्या दशकात केला होता. हे वर्गात अवश्य सांगावे.

एक सूचना. पुस्तकांत ‘सममिती भंग पावली’ असे लिहिलेले असते. स्थानिक गेज सममिती आपोआप भंग पावू शकत नाही, असे एलिट्झर यांनी १९७५ मध्ये सिद्ध केले आहे. वहीतील मुभा वहीत तशीच राहते, दगडांमुळे ती फक्त दृष्टीआड होते. मी ‘झाकलेली सममिती’ म्हणतो.

प्रश्न : या अभ्यासक्रमात भुतांचे एक प्रकरण आहे असे माझा भाचा सांगतो. थट्टा आहे का? — एक वाचक, लोणार, जि. बुलडाणा

उत्तर : थट्टा नाही; त्यांना फाडेयेव्ह–पोपोव्ह भुते म्हणतात आणि ती १९६७ ची आहेत. पुंजसिद्धांतात सर्व शक्यतांची बेरीज करावी लागते. परंतु एकच धान्य निरनिराळ्या पायल्यांनी अनंत वह्यांत नोंदलेले असल्याने तेच ते अनंत वेळा मोजले जाते. म्हणून एक वही निवडायची आणि निवडीमुळे येणारा दुरुस्तीचा गुणक लावायचा. तो गुणक लिहिण्याची सोयीची रीत म्हणजे आणखी काही क्षेत्रे आहेत असे धरणे. ती फिरकीरहित (स्पिन नसलेली) असूनही इलेक्ट्रॉनांसारखी वागतात, जे कोणत्याही खऱ्या कणाला शक्य नाही, म्हणून ती भुते. ती हिशेबाच्या आतल्या वळणांतच फिरतात, प्रयोगशाळेत कधी बाहेर पडत नाहीत, आणि काही विशिष्ट गेज निवडले तर मुळात लागतच नाहीत. उताऱ्याची आवश्यकता नाही.

प्रश्न : माझे एम.एस्सी. झाले आहे. आमच्या महाविद्यालयात हा विषय ऐच्छिक म्हणूनसुद्धा नव्हता. घरी नेटवर्क मिळत नाही, टेकडीवर जावे लागते. स्वतःच्या बळावर हा अभ्यासक्रम पुरा करता येईल का? कशापासून सुरुवात करू? — एक विद्यार्थिनी, ता. धारणी, जि. अमरावती

उत्तर : येईल, परंतु व्याख्याने पाहून नव्हे. या विषयात पाहणे आणि शिकणे यांत पोहण्याचे पुस्तक वाचणे आणि विहिरीत उडी घेणे एवढा फरक आहे. टेकडीवर जाल तेव्हा एनपीटीईएलची (आयआयटींच्या मोफत ऑनलाइन उपक्रमाची) व्याख्याने उतरवून घ्या, अर्काइव्ह या शोधनिबंधांच्या संकेतस्थळावरून एखाद्या उन्हाळी शाळेची टिपणे घ्या, ती मोफत असतात. आणि मग आठवडाभर नेटवर्क नसले तरी बिघडत नाही.

तयारी म्हणून विशेष सापेक्षतेची निर्देशांकांची भाषा हाताला बसलेली हवी, डिरॅक समीकरण आणि त्यातील गामा आव्यूहांचे ट्रेस न अडखळता काढता यायला हवेत, आणि समूह सिद्धांतापैकी एसयू-२ व एसयू-३ एवढेच पुरेत. समूह सिद्धांताचे संपूर्ण पुस्तक आधी संपवण्याच्या मागे लागू नका. माझे दोन विद्यार्थी त्यातच अडकले.

मग एकच कसोटी घ्या. इलेक्ट्रॉनवरून फोटॉनचे विकिरण, म्हणजे कॉम्प्टन परिणाम, याच्या दोन फाइनमन आकृत्या (प्रक्रियेचा हिशेब मांडणारी रेखाचित्रे) लिहा आणि एका फोटॉनच्या ध्रुवीकरणाच्या जागी त्याचा संवेग ठेवा. गेज सममिती खरी असेल तर उत्तर शून्य यायला हवे. एकटी कोणतीही आकृती शून्य देत नाही, दोघींची बेरीज देते. ती स्वतः काढा. नंतर क्वार्क आणि प्रतिक्वार्क मिळून दोन ग्लुऑन होण्याची प्रक्रिया घ्या, दुसऱ्या ग्लुऑनचे ध्रुवीकरण भौतिक ठेवा आणि तेच करा. या वेळी त्या दोन आकृत्यांची बेरीज शून्य येत नाही. रंगांच्या आव्यूहांचा क्रम बदलल्याने पडणारा फरक शिल्लक राहतो. तो खोडण्यासाठी तीन ग्लुऑन एकत्र भेटणारी तिसरी आकृती घालावीच लागते, आणि तिची ताकदही दुसरी कोणती चालत नाही. ग्लुऑन ग्लुऑनला का ओढतो हे माणसाला पटते ते तेव्हा, त्याआधी नाही.

हे मी अनुभवाने लिहितो. माझ्या वेळी एका विभागाची चक्रमुद्रित टिपणे हातोहात फिरत होती. त्यांत तीन ग्लुऑनांच्या नियमाचे एक चिन्ह चुकलेले होते. भारनियमनाच्या दिवसांत कंदिलाजवळ बसून मी तीन रात्री तो हिशेब केला आणि प्रत्येक वेळी शिल्लक खोडली जाण्याऐवजी दुप्पटच आली. चौथ्या रात्री टिपणे बाजूला ठेवून नियम मुळापासून काढला, तेव्हा चूक माझी नव्हती हे समजले. टिपणे लिहिणाऱ्यांवरचा राग अजून पूर्ण गेलेला नाही, तरी तो नियम मात्र आजही पाठ आहे.

यानंतर पुंजक्षेत्राचे पथसमाकलन (पाथ इंटिग्रल), पुनर्सामान्यीकरण (रिनॉर्मलायझेशन), मग वर आलेला ११ चा हिशेब, आणि शेवटी विद्युत-दुर्बल सिद्धांत असा क्रम ठेवा. महाएकीकरणाची, म्हणजे विद्युतचुंबकीय, दुर्बल आणि क्वार्कांना बांधणारे बल एकाच सिद्धांतात आणू पाहणारी, प्रकरणे पहिल्या वाचनात सोडली तरी चालतील. त्यांनी भाकीत केलेला प्रोटॉनचा ऱ्हास आपल्याच देशात कोलारच्या सोन्याच्या खाणीतही शोधला गेला, पण तो आजवर कोठेही निश्चितपणे दिसलेला नाही. विसंगतीचे, म्हणजे अनोमलीचे (पुंजहिशेबात गेज सममिती मोडू शकते त्याचे) प्रकरण मात्र सोडू नका. त्यातील एक अट एका ओळीत तपासता येते : एका पिढीतील (दोन क्वार्क, एक न्यूट्रिनो आणि इलेक्ट्रॉन किंवा त्याचे जड भावंड अशा संचातील) सर्व प्रभारांची बेरीज शून्य असावी. वरच्या क्वार्कचे २/३ आणि खालच्याचे उणे १/३, दोन्ही तीन रंगांत, म्हणून २ वजा १, न्यूट्रिनोचे शून्य, इलेक्ट्रॉनचे उणे १. बेरीज शून्य. रंग तीनऐवजी चार असते आणि प्रभार हेच राहिले असते तर हा हिशेब जमला नसता. तिसऱ्या पिढीतले टाऊ कण १९७५ मध्ये आणि बॉटम क्वार्क १९७७ मध्ये सापडल्यावर टॉप क्वार्क असलाच पाहिजे, असे भौतिकीवाले ज्या बळावर ठामपणे सांगू लागले त्यात ही ओळ होती. तो १९९५ मध्ये अमेरिकेत फर्मिलॅब येथे सापडला.

दोन ग्लुऑनांचा हिशेब झाला की वहीची पाने या सदराच्या पत्त्यावर पाठवा, मी तपासून परत करीन. तीन आकृत्यांची बेरीज शून्य आली नाही, तर पाठवण्यापूर्वी तिसऱ्या आकृतीतील संवेगांच्या दिशा एकदा पाहा. नियमात तिन्ही संवेग आत येणारे धरलेले असतात आणि तुमचे दोन ग्लुऑन बाहेर जात आहेत.